आमच्या दिंडीचा मृदंग : शिकवणाऱ्यावर विश्वास किती ठेवावा





दिंडीला शंभर वर्षे झाली म्हणून पुस्तक काढायचे ठरले. कमिटीने मला सांगितले, बुवा, तुम्ही मृदंगाचा इतिहास लिहा. मी शेतकरी माणूस, शाळा चौथीपर्यंत. कीर्तनात उभं राहून बोलायची सवय आहे, कागदावर लिहायची नाही. नातवाला शेजारी बसवून लिहून घेतलंय. चुकलंमाकलं पदरात घ्या.

पण नुसता कोणी कधी वाजवला एवढाच इतिहास मी सांगणार नाही. गेल्या कार्तिकीला काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. आपल्या दिंडीला आपल्या गावचा मृदंगी मिळाला नाही. बाहेरून बिदागी देऊन आणावा लागला. त्याने चांगला वाजवला, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण शंभर वर्षांत हे पहिल्यांदा झालं. गावात पोरं नाहीत का? आहेत. मृदंग शिकायला बसतातही. तीन महिने बसतात आणि उठतात. का उठतात ते माझ्या नातवाने मला एका वाक्यात सांगितलं. तो म्हणाला, "आजोबा, क्लासचे सर एक सांगतात, मंदिरातले बुवा दुसरं सांगतात, मोबाईलवर तिसरंच दाखवतात. मी खरं कोणाचं धरू?"

कीर्तनात मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. उत्तर द्यायला मला मागचं सगळं आठवावं लागलं. तेच इथे सांगतो.

दिंडीत वीणेकरी एक, मृदंगी एक, टाळकरी पुष्कळ. अभंग वीणेकरी धरतो, पण पाऊल मृदंगावर पडतं. मृदंग पुढे पळाला तर टाळकरी पळतात, म्हातारी माणसं मागे राहतात आणि दिंडी तुटते. मृदंग मागे ओढला तर झोप येते. बैठकीतला पखवाज मांडी घालून वाजवायचा. दिंडीतला गळ्यात अडकवून, चालत, चढ चढत वाजवायचा. म्हणून आमच्या जुन्या लोकांना मृदंगी म्हणजे दिंडीचा बैल वाटायचा. मान मोडून ओढणारा.

आता आपली दिंडी आषाढीलाही जाते, पण पूर्वी जात नव्हती. हे नव्या पोरांना माहीत नसेल. आपला गाव भाताचा, मिठागराचा आणि खाडीचा. आषाढ म्हणजे लावणीचे दिवस. चिखलात रोप लावायचं सोडून पंढरीला कोण जाणार? म्हणून आपली वारी कार्तिकीची आणि तीही आळंदीची. भात कापून, झोडून झालं की कार्तिक वद्य एकादशीला आळंदी गाठायची. त्रयोदशीला माऊलींच्या समाधीचा सोहळा. शके १२१८, म्हणजे इसवी सन १२९६ साली माऊलींनी समाधी घेतली ती ही त्रयोदशी. वाट पनवेलवरून, खोपोलीवरून, बोरघाट चढून लोणावळा, मग देहू आणि आळंदी. पुढे १९७० साली सिडको आली. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या, त्यात आपलीही खाचरं गेली. लावणीच राहिली नाही. मग आपली माणसं आषाढीला जायला लागली. जमीन गेली तेव्हा आषाढी मिळाली. मी स्वतः आता मुरबाडकडे थोडं रान घेऊन भात लावतो, म्हणून मला अजूनही आषाढी चुकते.

तर त्या जुन्या दिंडीत पहिला मृदंगी कोणाकडे शिकला हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. दुसरे जे होते ते माझे गुरुजी. त्यांचं नाव मी इथे घालत नाही, कारण पुढे त्यांची एक चूकही सांगायची आहे आणि ते आज उत्तर द्यायला नाहीत. ते मिठागरात कामाला होते. हात खडबडीत, पण मृदंगावर पडला की मऊ.

ते सांगायचे, आपला हात पानशांचा. आम्हा पोरांना वाटायचं पानसे म्हणजे कुठलं गाव असेल. पुढे कळलं की नाना पानसे हे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे मोठे पखवाजी. मूळ वाईकडचे. काशीचे बाबू जोधसिंग यांच्याकडे शिकले आणि इंदूरला होळकरांच्या दरबारी राहिले. त्याच काळात उत्तरेत कुदऊसिंग नावाचे दुसरे थोर पखवाजी होते. त्यांचा हात जोरकस, घुमारेदार. पानशांचा हात गोड, स्वच्छ, हिशेबाचा. महाराष्ट्रात पखवाज पसरला तो बराचसा पानशांच्या शिष्यांकडून, शिष्यांच्या शिष्यांकडून. कीर्तनात, दिंडीत, देवळात तोच हात आला. हे सांगायचं कारण असं की दोघेही मोठे, दोघांचंही खरं. पण एकाच पोराने सकाळी एकाचा आणि संध्याकाळी दुसऱ्याचा हात धरला तर त्याचा हात कोणाचाच होत नाही.

मी गुरुजींकडे बसलो तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होतो. पहिला महिना त्यांनी मृदंगाला हात लावू दिला नाही. नुसती कणीक मळायला लावली. मृदंगाच्या उजव्या तोंडाला शाई असते, ती कायमची. डाव्या तोंडाला दर वेळी ओली कणीक लावायची, वाजवून झालं की खरवडून काढायची. कणीक घट्ट झाली तर आवाज बसतो, सैल झाली तर घसरते, जास्त लावली तर आवाज खाली जातो. आमच्या घरात तांदळाची भाकरी. गव्हाचं पीठ आणायचं ते मृदंगासाठी. त्या काळी गहू रेशनवर मिळायचा, म्हणून आई कुरकुर करायची की पोटाला नाही आणि चामड्याला चारताय.

मग पुढचे सात-आठ महिने धा, दिं, ता. एवढंच. आधी तोंडाने म्हणायचं, मग हाताने. तोंडात आला नाही तो बोल हातात येत नाही असं त्यांचं म्हणणं. बारा मात्रांचा चौताल मी सहा महिने नुसता तोंडाने आणि टाळीने म्हटला. धा धा दिं ता, किट धा दिं ता, तिट कत गदि गन. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि अकराव्या मात्रेला टाळी, तिसऱ्या आणि सातव्याला खाली. का, हे विचारायचं नाही. विचारलं तर म्हणायचे, "आदी कनीक मल. मंग बग."

मी कंटाळलो. १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला आणि मुंबई जवळ आली. गावातला एक जण गिरणीत होता. तो म्हणाला, लालबागला चल, तिथे एक जण तीन महिन्यांत मृदंग वाजवायला लावतो. मी गेलो. आठवड्याला पैसे द्यायचे. त्या माणसाने मला पहिल्याच दिवशी परण दिला. महिन्याभरात दोन परण, चार मुखडे. मला वाटलं आमच्या गुरुजींनी माझं वर्ष फुकट घालवलं. गावात येऊन वाजवलं तर पोरं तोंडात बोटं घालायची. गुरुजी ऐकायचे, काही बोलायचे नाहीत.

त्या कार्तिकीला गुरुजींना ताप होता. मृदंग माझ्या गळ्यात आला. पनवेलपर्यंत मी राजा होतो. खोपोली सोडून घाट लागला आणि अर्ध्या चढात माझा डावा हात भरून आला. मनगट ताठ, बोटं उघडेनात. लालबागच्या माणसाने जोरात आवाज काढायला शिकवलं होतं, पण हात सैल कसा ठेवायचा ते शिकवलं नव्हतं. बसून दहा मिनिटं वाजवायला तो हात पुरत होता. चालत तासभर वाजवायला नाही. दुखायला लागलं तसा मी पळायला लागलो. टाळ इकडे, मृदंग तिकडे, पावलं तिसरीकडे. वीणेकरी आजोबांनी मागे वळून माझ्याकडे नुसतं बघितलं. ते बघणं मी अजून विसरलो नाही. पुढचा घाट नुसत्या टाळांवर चढला. आपल्या दिंडीत मृदंग गप्प झाला तो त्या दिवशी, माझ्यामुळे. हे मी आज पहिल्यांदा लिहून देतोय.

परत आल्यावर गुरुजींच्या दारात गेलो. वाटलं हाकलून देतील. त्यांनी माझा हात हातात घेतला, मनगट वाकवून बघितलं आणि म्हणाले, "ह्यो हात कोनाचा हाय? तुजा नाय, माजा बी नाय." मग विचारलं, "कनीक मलली का?" चुकीचा हात सुटायला मला दोन वर्षे लागली. कणीक मळताना मनगट जसं सैल फिरतं तसंच डाव्या तोंडावर फिरायला पाहिजे, हे मला तेव्हा कळलं. पहिल्या महिन्यात ते मला मृदंगच शिकवत होते.

हे ऐकून कोणी म्हणेल, झालं तर, गुरूवर डोळे मिटून विश्वास ठेवा, संपलं. मला तसं म्हणायचं नाही. आता दुसरी बाजू सांगतो.

गुरुजींकडे त्यांच्या गुरूकडून आलेले मोठे परण होते. चौतालाचे होते, धमाराचे होते. ते त्यांनी आम्हाला दिले नाहीत. म्हणायचे, वेळ आली की देईन. आम्ही विचारलं नाही, कारण विचारायचं नसतं असं आम्हाला शिकवलं होतं. फक्त पुतण्याला द्यायचे त्यांच्या मनात होतं. पुतण्या नोकरीला लागला, मृदंग सुटला. एका पावसाळ्यात गुरुजी गेले आणि ते सगळं त्यांच्याबरोबर गेलं. कागदावर काही नव्हतं. आम्ही चार शिष्य, चौघांनी मिळून आठवलं तर दीड परण भरला. आमच्या विश्वासाने आमचा हात घडला, पण आमच्या न विचारण्याने दिंडीचं धन बुडालं. दोन्ही खरं आहे.

वारकरी पंथात गुरूचं मोल काय आहे ते मी सांगायला नको. माऊलींनी ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात गुरुसेवेवर केवढा विस्तार केलाय ते तुम्ही पारायणात दरवर्षी वाचता. पण नामदेवरायांची गोष्ट आठवा. गोरोबाकाकांनी थापटण्याने सगळ्या संतांची डोकी थोपटली आणि नामदेवांना कच्चं मडकं म्हटलं. नामदेवांना राग आला. ते पांडुरंगाकडे तक्रार घेऊन गेले. देवाने समजूत घातली नाही, औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे पाठवलं. तिथे जाऊन बघतात तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेवांनी काय केलं? मान डोलावून बसले नाहीत. म्हणाले, पाय काढा. विसोबा म्हणाले, जिथे पिंड नाही तिथे तूच ठेव. जिथे पाय ठेवावा तिथे पिंड. तेव्हा कळलं. म्हणजे नामदेवांनी विचारलं, भांडले, स्वतःच्या डोळ्याने पडताळलं आणि मग पाय धरले. शिष्याने विचारू नये असं या गोष्टीत कुठे आहे? कीर्तनात ही कथा मी तीस वर्षे सांगतोय, पण हा अर्थ मला गुरुजी गेल्यावर लागला.

आपल्या पंथातच शिकवण्याची रीत एकदा मोठी बदलली. आधी कीर्तन-भजन शिकायचं म्हणजे फडावर राहायचं, महाराजांच्या मागे फिरायचं, कानावर पडेल ते धरायचं. पुण्याचे विष्णुबुवा जोग, ज्यांना आपण जोग महाराज म्हणतो, ते तालमीतले पहिलवान गडी, जन्मभर ब्रह्मचारी. त्यांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षांचा अभ्यास ठरवला. पोरांनी माधुकरी मागून खायचं आणि नेमाने शिकायचं. महाराज १९२० साली गेले. पण संस्था राहिली, कारण विद्या एका माणसाच्या पोटात ठेवली नव्हती. त्यांचे शिष्य बंकटस्वामी झाले, मामासाहेब दांडेकर झाले. मामासाहेब तर आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातले, केळवे-माहीमचे. पुण्याला मोठ्या कॉलेजचे प्रिन्सिपल होते आणि खांद्यावर पताका घेऊन वारी करायचे. आज आळंदीत किती तरी लहानमोठ्या संस्थांत पोरं गायन, मृदंग शिकतात. ती सगळी वाट जोग महाराजांनी पाडलेली.

गाण्याच्या बाजूलाही तेच झालं. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, जुन्या रीतीने, गुरूच्या घरी. पण स्वतः शिकवायची वेळ आली तेव्हा त्यांनी शाळा काढली. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. गाणं कागदावर लिहायच्या खुणा केल्या, वर्ग पाडले, परीक्षा ठेवल्या. ते १९३१ साली गेले, आणि त्यांच्या शिष्यांनी त्याच वर्षी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. त्या मंडळाची वास्तू आज आपल्या शेजारी वाशीला आहे. आपली पोरं प्रारंभिक, प्रवेशिका अशा ज्या परीक्षा देतात त्या त्यांच्याच. गंमत बघा, पलुस्कर स्वतः गुरूच्या पायाशी बसून तयार झाले आणि त्यांनीच वही दिली. वही दिली म्हणून गुरू नको असं ते म्हणाले नाहीत.

आमच्या गुरुजींजवळ अशी एक वही असती तर ते परण आज तुमच्या कानावर पडले असते.

पुढे माथाडी कामगारांची घरं आपल्याकडे झाली. सातारा-सांगलीकडची माणसं शेजारी आली. त्यांच्यात वारकरी पुष्कळ. त्यांचा ठेका आपल्यापेक्षा थोडा वेगळा, चाली वेगळ्या. सुरुवातीला काकड्याला दोन मृदंग समोरासमोर आले की भांडण व्हायचं, कोणाचा खरा. आता दोन्हीकडची माणसं एका दिंडीत चालतात. भांडण मिटवलं ते कोणी निकाल देऊन नाही. घाटात ज्याच्या ठेक्यावर म्हातारी माणसं न थकता चढतात तो ठेका घाटात, आणि मुक्कामाच्या भजनात ज्याला जे येतं ते. एवढं आपोआप ठरत गेलं.

तर नातवाला मी काय उत्तर दिलं ते सांगून थांबतो.

मी म्हटलं, बाळा, आधी शिकवणाऱ्याकडे नको बघू, त्याच्या शिष्यांकडे बघ. त्याचे दोन-तीन तरी शिष्य त्याच्याशिवाय एकटे दिंडी ओढू शकतात का? ओढत असतील तर त्याच्यापाशी विद्या आहे आणि तो ती देतो. मग त्याच्याकडे एक कार्तिकी ते दुसरी कार्तिकी, पूर्ण वर्ष बस. त्या वर्षात दुसऱ्याचं ऐक, पण हात दुसऱ्याचा धरू नको. कंटाळा आला म्हणून उठू नको. कंटाळा हा शिकण्याचाच भाग आहे, लावणीत कंबर मोडते तसा. पण दुखायला लागलं तर गप्प बसू नको. दंड भरून आला तर चांगलं, तो कामाचा थकवा. मनगटात, बोटाच्या सांध्यात कळ आली तर काहीतरी चुकतंय, त्याच दिवशी विचार. विचारल्यावर जो हात हातात घेऊन बघतो तो गुरू. विचारल्यावर जो रागावतो आणि बघतही नाही, त्याच्याकडे वर्ष पूर्ण करायची गरज नाही.

वही लिही. बुवा तोंडाने सांगतील ते घरी येऊन क्लासच्या खुणांनी मांड. बुवांना आवडणार नाही, तरी लिही, आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखव. चुकलं असेल तिथे ते सांगतीलच. मोबाईलवर बघायला हरकत नाही. पण मोबाईल तुझं मनगट बघत नाही हे ध्यानात ठेव.

आणि वर्ष झालं की मृदंग गळ्यात घालून बोरघाट चढ. शिकवणाऱ्याची आणि तुझी, दोघांची परीक्षा तिथे होईल.

तो म्हणाला, "आणि तुम्ही शिकवाल का?"

मी म्हटलं, माझे परण दीडच आहेत. पण ते सगळे देईन, काही मागे ठेवणार नाही. गेल्या महिन्यापासून दर एकादशीला भजनानंतर विठ्ठल मंदिरात आम्ही बसतो. सध्या पाच पोरं आणि दोन पोरी आहेत. पोरींनी मृदंग वाजवायचा का म्हणून एक-दोघांनी विचारलं. मी म्हटलं, कणीक आजवर मळली कोणी? मग कोणी बोललं नाही. पहिला महिना कणीक मळायलाच लावलीय, पण या वेळी का मळायची ते आधी सांगितलंय. सातही जण अजून टिकून आहेत.

ज्यांच्या घरी जुन्या मृदंगींचे कागद, बोल, आठवणी असतील त्यांनी घेऊन यावे. दीड परणाचे दोन झाले तरी पुष्कळ. पुढच्या कार्तिकीला घाटात मृदंग आपल्या गावचा वाजावा एवढंच पांडुरंगाकडे मागणं.

रामकृष्णहरी.